सातव्या प्रकरणाची शाई

खात्याचे साहेब ग्रंथालयात आले तेव्हा त्यांच्याबरोबर काळ्या शाईचा डबा होता, रंगाऱ्याकडे असतो तसला रुंद ब्रश होता, आणि डोकं तेवढं बहुतेक खात्यातच राहिलं होतं.

वरच्या मजल्यावरच्या प्रती काळ्या करून ते तळमजल्यावर उतरले. तळमजल्यावर अंधांचा विभाग. विभाग म्हणजे एक लांबट खोली, भिंतींना लागून कपाटं, मधोमध टेबल, आणि टेबलाशी ताई. ताई जन्मापासून आंधळी. विभाग तीच चालवायची.

"ते नर्सचं पुस्तक तुमच्याकडेही आलंय म्हणे."

"कालच आलं. तीन खंड आहेत. ब्रेलमध्ये आलं की पुस्तक बाळसं धरतं, साहेब."

साहेब हसले नाहीत. "सातवं प्रकरण काळं करायचंय. शहरातल्या प्रत्येक प्रतीतलं. वरून आदेश आहे."

ताईने मधला खंड काढून टेबलावर ठेवला. शिपाईकाका शेजारीच डब्याचं झाकण धरून उभे होते. त्यांनी उघड्या पानावरचे उठावाचे ठिपके पाहिले, ब्रश पाहिला, आणि तोंड उघडलं. "अहो साहेब, पण हे तर—"

ताईने टेबलाखालून त्यांच्या पायावर आपली चप्पल दाबली. काकांचं वाक्य घशातच बसलं.

साहेब मन लावून काम करत होते. सपासप ब्रश चालत होता. पानाची ही बाजू, ती बाजू. "एक अक्षर दिसायला नको," ते म्हणाले.

"नाही दिसणार," ताई म्हणाली. "मला तर शाईच्या आधीही दिसत नव्हतं."

"सोमवारी दाखला टाइप करून आणतो. 'या विभागातील कोणालाही सदर मजकूर वाचता येणार नाही.' खाली तुमची सही. की विषय संपला."

साहेबांचे बूट जिना चढून गेल्यावर काकांनी पाय चोळत विचारलं, "ताई, ह्यांना पगार कोण देतं हो?"

"आपणच."

काकांनी झाकण लावता लावता शिवी हासडली. ती इथे छापली तर हेही पान काळं होईल.

पण ताईला हसू येत नव्हतं. तिची बोटं शिवशिवत होती. आदल्या दिवशी ती सहाव्या प्रकरणापर्यंत पोचली होती. सातवं प्रकरण कारखान्याच्या स्फोटाचं होतं, आणि त्या कारखान्यात तिचा दादा भोंगा वाजवायला होता.

स्फोटाच्या दिवशी भोंगा वाजला नाही. वाजला असता तर खालच्या वस्तीतली माणसं घरं सोडून पळाली असती. चौकशी झाली, तीही कशी, तर खुर्च्या मांडून, सरबत पिऊन. निकाल आला: भोंगेवाला झोपला होता. दादा तोवर दवाखान्यात मेला होता, म्हणजे उलटून बोलायला कोणीच नव्हतं. मेलेल्या माणसाइतका सोयीचा गुन्हेगार दुसरा नसतो. तेव्हापासून वहिनी म्हणजे 'झोपाळूची बायको'. नळावर, दुकानात, बसच्या रांगेत. तोंडावर नाही, पण ऐकू जाईल इतपत. वहिनी गणवेश शिवायची. तिच्याकडे कपडे टाकणाऱ्या बायकाही मापं देता देता विचारायच्या, "झोप लागते का गं तुला?"

आणि हे पुस्तक लिहिणारी नर्स त्या रात्री दादाच्या खाटेपाशी होती.

ताईने दार लोटून घेतलं आणि ओलसर पान समोर ओढलं. ठिपके जरा मऊ पडले होते, पण ब्रेलचा कागद जाड, त्याने दम धरला होता. ती वाचत गेली. दोन्ही तळहात सोललेले, नर्सने लिहिलं होतं, ते आगीने नव्हे, दांडा ओढून ओढून. त्याला बोलवत नव्हतं तरी तो एकच सांगत होता. दांडा ओढला, पण वरून तार काढून ठेवलेली होती. पाहुणे येणार होते, भोंग्याने दचकायला नकोत म्हणून. हे मी चौकशीत सांगितलं, नर्सने पुढे लिहिलं होतं. लिहून घेणाऱ्याने पेन खाली ठेवलं.

ताई त्या ओळीवरून बोट परत परत फिरवत राहिली. दादाचा हात हातात घ्यावा तशी.

संध्याकाळी घरी वहिनी मशीनवर होती. ताईने पाण्यासाठी हात पुढे केला आणि मशीन थांबलं.

"वन्सं, बोटांना काय फासलंय हे?"

"काय?"

"काळीकुट्ट झालीत. दहाच्या दहा. बसमधून अशीच आलात? जग बघत असेल की!"

ताईने पुढे केलेला हात मागे घेतला. खात्याची शाई कंत्राटातली, वाळली तरी घामाने सुटणारी. आणि हे तिच्या गावीच नव्हतं. तळमजल्यावरच्या कोणाच्याच नसतं. चोरी करून ती अंगभर पुरावा मिरवत आली होती. शाई चालली नाही म्हणून ती मनात त्या साहेबाला हसत होती, आणि शाई आपल्या परीने चालली होती.

"आंघोळीच्या दगडाने घासून देते, थांबा."

"वहिनी, आधी बस. ह्या बोटांनी मी आज दादाबद्दल वाचलं."

तिने सगळं सांगितलं. पाठच झालं होतं. वहिनी रडली नाही. तिने सुईत दोरा ओवायला घेतला, तो ओवला जाईना, तिने तो टाकून दिला.

"सोललेले होते," ती म्हणाली. "मी पाहिले होते ना. दवाखान्यातले म्हणाले, भाजलेत. मीही म्हटलं, भाजलेत." मग तिने मशीनवरचं कापड बाजूला सारलं. "आता काय करणार?"

"गप्प बसायचं. सही करून टाकली की साहेब परत फिरकणार नाहीत. प्रत टिकेल. आमच्यातल्या प्रत्येकाला वाचता येईल. शहरात हे प्रकरण शाबूत असलेली ही एकच प्रत आहे, वहिनी. बोभाटा केला तर तीही जाईल."

"म्हणजे नवऱ्याचं खरं काय ते कपाटात राहणार. आणि मी नळावर झोपाळूची बायको राहणार. बरं आहे."

"तसं नाही गं—"

"तसंच आहे. तुमच्या कपाटाला काय चाटायचंय?" वहिनी उठली, दगड आणि साबण घेऊन आली, ताईचा हात तिने स्वतःच्या हातात घेतला, आणि मग घासलाच नाही. "नको. राहू दे. ह्याच हातांनी वाच. मोठ्याने वाच. सोमवारी मी गल्ली घेऊन येते."

"प्रत जाईल."

"मग जाण्याआधी उतरवून घ्या! तुम्ही लोक आपापल्या पाट्या काय शोभेला ठेवता?"

ताईला ही अक्कल सुचली नव्हती. राग आला की वहिनीचं डोकं भलतं चालायचं.

पुढचे दिवस तळमजल्यावर नुसती टकटक चालली होती. ब्रेलच्या पाटीत कागद अडकवायचा आणि टोचणीने एकेक ठिपका पाडायचा. एक जण काळी पानं चाचपत सांगणार, बाकीचे टोचणार. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेले आंधळे ऑपरेटर आजोबा सर्वांत पुढे. "अख्खा जन्म लोकांचं बोलणं लोकांना जोडून दिलं," ते म्हणाले, "मध्ये कान घालायची बंदी होती. आता भरपाई करतोय." दारात शिपाईकाका रॉकेलचा बोळा घेऊन बसायचे आणि बाहेर पडणाऱ्याची बोटं पुसून द्यायचे. एकट्या ताईने पुसून घेतली नाहीत.

सोमवारी वहिनीने शब्द पाळला. खोलीत जागा उरली नाही, माणसं जिन्यावर बसली. कारखान्यातून काढलेले होते, वस्तीतले होते, नळावरच्या बायका तर झाडून आल्या होत्या, फुकटचा तमाशा कोण सोडतं? साहेब दाखला घेऊन उतरले ते वाट काढत काढतच.

"ही गर्दी कसली?"

"वाचक आहेत," ताई म्हणाली. "ग्रंथालय आहे हो हे."

"बरं. इथे सही करा."

ताईने दोन्ही हात टेबलावर उताणे ठेवले. खोलीत कुजबुज झाली. साहेबांच्या ध्यानात यायला वेळ लागला. आलं तेव्हा त्यांचा श्वास ताईला ऐकू आला.

"तुम्ही ती पानं हाताळलीत?"

"वाचली. तुमच्या दाखल्यात लिहिलंय, कोणालाही वाचता येणार नाही. खोट्या कागदावर मी सही करत नाही. आमच्या घराण्यावर एक खोटा कागद आधीच आहे. बसा, साहेब. सातवं प्रकरण. भोंग्याचा दांडा लोखंडी होता—"

ती वाचू लागली. सावकाश, खणखणीत. तळहातांपर्यंत आली तेव्हा नळावरच्या बायकांच्या बांगड्याही वाजत नव्हत्या. "...तो एकच सांगत होता. दांडा ओढला, पण—"

साहेबांनी तिच्या बोटांखालून खंड हिसकावला. कागद टरकला. "बंद! हे बंद! मी पोलीस बोलावीन."

"बोलवा," वहिनी म्हणाली. "त्यांनाही ऐकू दे."

खंड तर हातात आला होता. साहेबांना वाटलं असावं, जमलं. तेवढ्यात कोपऱ्यातून एक घोटीव आवाज आला.

"थांबा हं, लाइन तुटली. जोडून देतो." ऑपरेटर आजोबांनी मांडीवरचा कागद सरळ केला. "...पण वरून तार काढून ठेवलेली होती. पाहुणे येणार होते, भोंग्याने दचकायला नकोत म्हणून."

साहेब माणसं तुडवत तिकडे धावले आणि त्यांनी आजोबांचा कागद ओढला. पुढचं वाक्य कपाटाजवळून आलं, बाईच्या आवाजात. त्याच्या पुढचं दारातून. साहेब खोलीच्या मधोमध भोवऱ्यासारखे फिरत होते. डोळस माणूस, पण कुणीकडे बघावं ते कळेना.

प्रकरण संपलं तेव्हा नळावरची एक बाई, सर्वांत जास्त माप काढणारी, वहिनीपाशी आली. मान खाली घालून शेजारी उभी राहिली. बोलायला तोंड कुठे होतं?

खंड छातीशी धरून साहेब दाराकडे निघाले. दारात वहिनी उभी होती. ती हलली नाही.

"आजोबा," ती म्हणाली, "दुसरा कागद घ्या, ते दांड्याचं परत वाचा. साहेबांचं लक्ष नव्हतं."