घरगाडीच्या मागे

शफीने पांढऱ्या कारच्या पुढच्या बंपरखाली हात घालून आतली लोखंडी पट्टी चाचपली, बोटांनी ठोकून बघितली आणि अंगाखालच्या पोत्यासकट सरकत तो बाहेर आला. ईश्वरप्पा त्याच्या उशाशीच उभे होते. त्यांनी आधी रस्त्याकडे पाहिलं. त्यांची बायको, शांतादेवी, अजून दिसत नव्हत्या. मग गुडघ्यांवर हात टेकून ते खाली वाकले.

"शफी, तिला सांग, कार मागे जोडता येत नाही म्हणून."

शफी तसाच पडून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला.

"आप्पा, ट्रॅक्टरमागं उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडून देतो मी. ही तं बकरीवानी हाय. पुढून एक तिकोनी दांडा, दोन साखळ्या, लाइटची वायर. झालं काम."

"झालं ते मला कळतंय. तू नाही म्हण."

"कावून?"

ईश्वरप्पा सरळ होऊन आपल्या घरगाडीजवळ गेले आणि तिच्या मागच्या दिव्यावरची धूळ रुमालाने पुसू लागले. धूळ तशी फार नव्हती.

गेवराईत ईश्वरप्पांचं रंगाचं आणि लोखंडी सामानाचं दुकान होतं. ते मुलाच्या, सिद्धारामच्या हाती देऊन त्यांनी एक जुनी मिनीबस घेतली आणि चौदा महिने खपून तिचं घर केलं. आतल्या चौकटी शफीनेच जोडल्या होत्या. दोन माणसांचा पलंग, छोटी शेगडी, पाण्याची टाकी, खिडक्यांना शांतादेवींच्या जुन्या साडीचे पडदे. दर्शनाला कुडलसंगमला जायचं, तिथून खाली गोकर्ण, मग समुद्राच्या कडेकडेने जमेल तिथवर. दोघंच. पस्तीस वर्षं दुकानाच्या गल्ल्यामागून त्यांनी हीच सहल मनात आखली होती. तिच्यात शांतादेवी डाव्या बाजूला बसलेल्या असत, आणि ते चालवत असत.

त्या चौदा महिन्यांतच शांतादेवी गाडी शिकल्या होत्या.

अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांनी वासिफच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं तेव्हा ईश्वरप्पा हसले होते. आठ दिवसांत सोडून देईल, असं त्यांनी सिद्धारामला सांगितलंही. पण रोज सकाळी घरात नवीन बोलणं ऐकू येऊ लागलं. वासिफसर म्हणतात, क्लचवर पाय ठेवून बसायचं नाही. वासिफसर म्हणतात, आरशात बघायची भीती गेली की गाडी आपली होते. हा वासिफ पस्तिशीचा, दाढी कोरलेला, प्रत्येकीला काकी म्हणणारा. त्याच्याविषयी मनात जे येत होतं त्याला ईश्वरप्पांनी कधी नाव दिलं नाही. या वयात ते शोभलं नसतं. पण घरात त्याचं नाव निघालं की त्यांच्या हातातली चपाती तशीच राहायची.

मग शांतादेवींच्या माहेरच्या शेतातून त्यांच्या वाट्याचे काही पैसे आले आणि दारात ही पांढरी कार उभी राहिली. तिला आता दीड वर्ष झालं होतं. ईश्वरप्पा तिच्यात एकदाही बसले नव्हते. कुठे जायचं झालं की ते आपली जीप काढत. शांतादेवींनीही दोनदा विचारून तिसऱ्यांदा विचारणं सोडून दिलं. पूर्वी तलवाड्याला बहिणीकडे जायचं तरी त्या चार दिवस आधी विचारत, तुम्हाला कधी वेळ आहे म्हणून. आता त्या ओट्यावरून चावी उचलत आणि येते म्हणत. कुठे गेल्या होत्या ते ईश्वरप्पांना, सवयीने अजूनही दुकानात जाऊन बसत तेव्हा, गिऱ्हाइकांकडून कळे. वैनी शिरूर कासारच्या रस्त्याला दिसल्या. वैनी पेट्रोल पंपावर होत्या, हवा भरत होत्या स्वतः. लोक कौतुकाने सांगत, आणि ते मान हलवत, जणू त्यांना ठाऊकच होतं.

दिवाळीआधी सोमेश्वर नावाचा गवंडी रंग न्यायला आला होता. त्याने सांगितलं, वैनीची गाडी धारूरच्या घाटात बघितली, लई झकास चालवत होत्या, हसत होत्या. काचेवर ऊन होतं, शेजारी कोण होतं ते दिसलं नाही. ईश्वरप्पांनी त्याला चुकून पांढऱ्याऐवजी पिवळा डबा काढून दिला. घाटात हसण्यासारखं काय असतं, आणि ते कुणाबरोबर, हे त्यांनी त्या दिवशी घरी विचारलं नाही. नंतरही नाही. त्या दिवशी आपण तलवाड्याला गेलो होतो असं शांतादेवी म्हणाल्या होत्या, आणि तलवाड्याच्या वाटेवर धारूरचा घाट लागत नाही.

आणि आता सहल ठरली तेव्हा शांतादेवींची एकच अट होती. कार मागे जोडून न्यायची. तुम्ही घरगाडी जिथे लावाल तिथे मी बसून राहणार नाही, असं त्या साधेपणाने म्हणाल्या. मोठी गाडी गावात शिरत नाही, भाजीला जायचं, देवळाला जायचं, मी आपली जाऊन येईन. बोलण्यात खोट काढावी असं काहीच नव्हतं. ईश्वरप्पांना मात्र त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं ऐकू आलं.

आज दोन्ही गाड्या शफीच्या वर्कशॉपात आणल्या होत्या, मापं घ्यायला. कार लावून शांतादेवी वासिफच्या स्कूलमध्ये पेढे द्यायला गेल्या होत्या. प्रवासाला निघतोय, गुरूला सांगून येते, म्हणाल्या होत्या.

त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर चालून आल्याचा घाम होता आणि त्या खुशीत होत्या. शफीने बोटं फाटक्या कापडाला पुसत, खाली बघत सांगितलं की वैनी, पुढची पट्टी कमजोर हाय, ओढ सोसायची न्हाई. शांतादेवींनी पदर कमरेला खोचला, बंपरला हात लावून खाली वाकल्या आणि बराच वेळ आत बघत राहिल्या.

"ही चेसीची पट्टी ना, शफीभाई? ही तर चांगली जाड आहे."

शफीची नजर क्षणभर ईश्वरप्पांकडे गेली आणि परत कापडावर आली. शांतादेवी सरळ झाल्या. त्या त्याच वाटेने नजर वळवून नवऱ्याकडे बघत उभ्या राहिल्या. ईश्वरप्पा घरगाडीचा दिवा पुसत होते.

"बरं," त्या म्हणाल्या. "मग कार घरी राहू द्या."

ईश्वरप्पांनी श्वास सोडला.

"मीही राहते. तुम्ही जाऊन या."

चावी घेऊन त्या बसल्या, कार मागे घेतली आणि हायवेच्या कडेने निघून गेल्या.

पुढचे चार दिवस घरात काहीच बिघडलं नाही, आणि त्यानेच ईश्वरप्पा घाबरले. शांतादेवी रोजच्यासारख्या बोलत, लिंगपूजा करून झाली की चहा ठेवत, वेळेवर जेवू घालत. त्यांनी नवऱ्याची तयारीही सुरू केली. पाचव्या दिवशी दुपारी ईश्वरप्पा घरगाडीत चढले तर मांडणी लागलेली होती. एक ताट, एक वाटी, एक पेला. पलंगावर एक उशी, एक चादर. बीपीच्या गोळ्यांच्या डब्यावर चिठ्ठी होती, सकाळची कोणती, रात्रीची कोणती. ते पलंगाच्या कडेला बसले. मग उठून त्यांनी तो एकटा पेला उचलला, पुन्हा जागेवर ठेवला आणि तसेच चप्पल घालून शफीकडे गेले.

शफीला त्यांनी दांडा बसवायला सांगितलं. शफीने वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवला.

"परवा कमजोर व्हती, आज मजबूत झाली, असं सांगू का वैनीला?"

"खरं सांग."

"ते तुमी सांगा, आप्पा. मी एकदा बोललो तुमच्यासाठी. लई जड गेलं."

ईश्वरप्पा घरी आले तेव्हा शांतादेवी परातीत मेथी निवडत होत्या. ते समोर बसले. त्यांनी एक जुडी ओढून घेतली आणि पानं खुडू लागले. हे काम त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं, देठासकट खुडत होते.

"शफीला मीच सांगितलं होतं, नाही म्हण म्हणून."

"माहीत आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कधी बोलता ते बघत होते."

ईश्वरप्पांनी आणखी थोडी पानं खुडली. मग ते म्हणाले, "तो वासिफ..." आणि तिथेच थांबले. शांतादेवींचा हात थांबला.

"वासिफसरांचं काय?"

"काही नाही."

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं, दुकानातून आणलेली वस्तू घरी उजेडात नीट बघावी तसं. त्यांच्या ओठाची कड किंचित हलली. मग ईश्वरप्पांनी खुडलेली पानं आपल्याकडे ओढून त्यांतले देठ त्या वेगळे काढत बसल्या.

शफीने काम आठवडाभर चालवलं. कारच्या बंपरमागे चेसीला जाड पट्टी बोल्टांनी आवळली, घरगाडीच्या मागे पिनची जागा वेल्ड केली, ब्रेकचे आणि वळणाचे दिवे एका वायरने जोडले. शांतादेवी रोज जात. उलट्या ठेवलेल्या ऑइलच्या डब्यावर बसून विचारत आणि शफी त्यांना समजावून सांगे. गाडी न्यूट्रलला ठेवायची, हँडब्रेक सोडायचा, चावी एक घर फिरवलेली पाहिजे, न्हाई तं स्टिअरिंग अडकतं. साखळ्या खालून अशा उलट्यासुलट्या घ्यायच्या, पिन तुटली तरी दांडा रस्त्यावर पडत न्हाई. ईश्वरप्पाही तिथेच असत. ते पुढे झाले की शफी अदबीने थांबायचा, आणि ते मागे झाले की पुन्हा शांतादेवींना सांगू लागायचा. एकदा दोघंही कशावरून तरी हसले. ईश्वरप्पांनी विचारलं तर शांतादेवी म्हणाल्या, काही नाही, पान्याचं नाव विचारत होते. ते बाहेर जाऊन चहाच्या टपरीवर उभे राहिले. चहा त्यांना नको होता.

तपासायला म्हणून त्यांनी रविवारी सकाळी तलवाड्याचा रस्ता धरला. ईश्वरप्पा चालवत होते, शांतादेवी डाव्या बाजूला. समोरच्या छोट्या पडद्यावर मागचं चित्र दिसत होतं. पांढरी कार, आत कुणी नाही. वळण आलं की तिचं स्टिअरिंग आपोआप फिरे आणि वळण संपलं की सरळ होई. ईश्वरप्पा पुन्हा पुन्हा तिकडे बघत होते. दीड वर्षात पहिल्यांदाच ती, ते नेतील तिकडे येत होती. त्यांना बरं वाटलं. मुद्दाम एका खडबडीत जागी त्यांनी वेग कमी केला नाही. कारने पाठीमागे दोन उड्या मारल्या.

त्यांनी शेजारी पाहिलं. शांतादेवींच्या समोर इतका मोठा रस्ता होता, दोन्ही बाजूंना कपाशी होती, पण त्या पडद्याकडेच बघत होत्या.

"हळू घ्या," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "इथे थांबवा. सोडताही येते का ते बघू."

बाभळीच्या सावलीत त्यांनी घरगाडी उभी केली. शांतादेवी उतरल्या. आधी कारचा हँडब्रेक ओढला, मग वायर काढली, साखळ्या सोडल्या, पिनची खिट्टी उपसून दांडा दोन्ही हातांनी उचलून बाजूला घेतला. ईश्वरप्पा मदतीला वाकेपर्यंत काम संपलं होतं. त्यांच्या हातात नुसती साखळी राहिली. शांतादेवींनी पदराने हात पुसले, कारमध्ये बसल्या, इंजिन चालू केलं.

साखळी धरून ईश्वरप्पा रस्त्याच्या कडेला उभे होते. आता ती हात हलवेल आणि जाईल, असं त्यांना वाटलं.

डावीकडची काच खाली आली.

"बसता?"

"आणि ही?" त्यांनी घरगाडीकडे बोट केलं.

"राहील इथेच. कुलूप लावा. घर आहे ते, पळून जातंय का?"

त्यांनी साखळी आत ठेवून कुलूप लावलं. ते कारच्या डाव्या बाजूला आले, दार उघडलं आणि वाकून आत बसले. गुडघे पुढे टेकले. सीट मागे कशी सरकते ते त्यांना कळेना, शांतादेवींनी खालचा खटका दाखवला. तो घट्ट होता, दोनदा जोर लावल्यावर सीट हलली.

"पट्टा लावा."

ईश्वरप्पांनी खांद्यामागून पट्टा ओढला. तो कडक होता, नव्या कापडासारखा आवाज करत बाहेर आला. दुसऱ्या हाताने ते सीटच्या कडेला खाच चाचपू लागले. खाच सापडली, पण पट्टा आत जाईना. त्यांनी मान वाकवून पाहिलं. खाचेच्या तोंडावर कंपनीची पातळ प्लास्टिकची पिशवी घट्ट चिकटवलेली होती. वरची चिकटपट्टी दीड वर्षात कुठेही उचकटलेली नव्हती.

ते तसेच वाकून बघत राहिले.

शांतादेवी आरशातून मागच्या रस्त्याकडे बघत होत्या.

"ते काढावं लागेल," त्या म्हणाल्या.

चिकटपट्टी नखाने निघत नव्हती. शेवटी एक कोपरा सुटला आणि पिशवी हातात आली. ती कुठे टाकावी हे त्यांना सुचलं नाही. त्यांनी तिची नीट घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली.

"कुठे जायचं?" त्यांनी विचारलं.

"ठरवलेलं नाही," शांतादेवी म्हणाल्या. "मी कधीच ठरवत नाही."

त्या गियर टाकून थांबल्या होत्या. पट्टा खाचेत बसल्याचा आवाज झाला, मग त्यांनी क्लच सोडला.