प्रवाशाने स्वतः मागावी

पिण्याचे पाणी

बाईने आधी किल्ली धुतली.

रांजणाच्या ओट्यावर ठेवलेली किल्ली तिने लगेच उचलली नाही. स्वतःच्या तांब्यातलं पाणी तिच्यावर ओतलं, जरा थांबली, मग दोन बोटांनी उचलून पदराआड केली आणि स्टँडच्या मागच्या अंगाला गेली. स्टँडवर पाणी पाजणाऱ्या शकुबाईने पाहिलं. रोजच पाहायची. ओट्यावर किल्लीएवढी ओली खूण राहिली. उन्हाने ती पुसून टाकली.

त्या बाईने पाणी मागितलं नव्हतं. शकुबाईच्या हातचं ती प्यायली नसती. पण किल्ली एकच होती.

स्त्रिया

पांढऱ्या भिंतीवर निळं अक्षर. संडास बांधून तीन वर्षं झाली होती. हैदराबादच्या रस्त्यावरचं स्टँड. ट्रकवाले आत शिरतात म्हणून दाराला जुनं पितळी कुलूप घातलं. किल्ली फिरवल्याशिवाय ते लागायचंही नाही. किल्ली तिकिटाच्या खिडकीआड खिळ्याला टांगली. खिडकीपुढे पुरुषांची रांग. जिला जायचं असेल तिने त्या रांगेत उभं राहायचं, वाकायचं आणि जाळीतून ते बोलायचं.

कोणी बोललं नाही.

पहिल्या वर्षी दारापुढे कमरेएवढा तरोटा वाढला. तपासणीला आलेले साहेब आत डोकावले आणि म्हणाले, वा, काय स्वच्छता. बाकावर बायका गुडघे जुळवून बसलेल्या होत्या.

तरोटा उपटायला म्हणून शकुबाईने किल्ली घेतली. खिडकीतला जुना मास्तर ती परत मागायला विसरला. विसरला नसेलही. ती किल्ली पदराच्या गाठीत राहिली आणि हे बायकांना कसं कळलं कोण जाणे. त्या रांजणाजवळ येत, पाणी घेत नसत, नुसत्या उभ्या राहत. मांडीशी करंगळी दिसे. शकुबाई गाठ सोडी, किल्ली ओट्यावर ठेवी.

दीर डोमाजी एकदा मुद्दाम त्यासाठी घरी आला.

"वयनी, लोकं तुमाले संडासवाली म्हन्तेत."

"म्हनू दे."

"म्हनू दे कसं? छप्पन साली नागपुराहून आल्यावर सारं सोडलं ना आपन? ढोर ओढनं सोडलं, घान उचलनं सोडलं. कायले सोडलं मंग?"

"माह्या हाती झाडू हाय का?"

"नाई."

"किल्ली हाय. किल्ली तं सावकाराच्या कमरीले बी असते."

डोमाजी हसला नाही. तीही हसली नव्हती.

फक्त प्रवाशांसाठी

हे दारावरच लिहिलेलं होतं. शकुबाई प्रवासी नव्हती. ती पहाटे, नाल्यापलीकडे, पळसाआड जाऊन येई, आणि मग दिवसभर पाणी पाजताना स्वतः कमी पीत असे.

चौकशी

नव्या मास्तरने तिला खिडकीच्या आतल्या बाजूला बोलावलं.

"बाई, ती किल्ली आणा इकडे."

"काहून?"

"तक्रार आली."

"कायची, मास्तर? कुलूप तं मी रोज लावतो."

मास्तर शिक्का शाईवर दाबत राहिला. "कुलपाची नाही. चांगल्या घरच्या बाया येतात. त्यांना तुमच्या हातून घ्यावी लागते."

"हातात कुठं देतो मी? ओट्यावर ठेवतो."

"ठेवत असाल. पण आता खिडकीतूनच मिळेल. ज्या प्रवाशाला पाहिजे त्याने स्वतः मागावी. तुम्ही पाणी पाजा."

पदराची गाठ जुनी झाली होती, बोटांनी सुटेना. तिने ती दातांनी सोडवली. मास्तरने हात पुढे केला होता. तिने किल्ली टेबलावर ठेवली. सवय.

त्यानंतरचे काही दिवस बायका रांजणाशी येत, उभ्या राहत. ती हनुवटीने खिडकी दाखवी. बायका तिकडे बघत आणि बाकावर परत जाऊन बसत.

पिण्याचे पाणी (पुन्हा)

बाजाराच्या दिवशी तांड्यावरची धनीबाई आली. धनीबाईची तऱ्हा वेगळी. ती शकुबाईच्या हातचं पाणी प्यायची, वर दुसऱ्यांदा मागायची. आज तिच्याबरोबर सून होती, रुक्मा. पहिलटकरीण, पोट पुढे आलेलं. यवतमाळच्या दवाखान्यात न्यायची होती.

"शकू, किल्ली आन वं. हे पोट्टी बैलबंडीत बसल्यापासून दाबून राह्यली."

"खिडकीत हाय."

"कोन्त्या?"

शकुबाईने हनुवटी हलवली.

"याडी! माय वं!" धनीबाईने तोंडावर हात ठेवला. "तठी तं आमच्या तांड्याचा नायक उभा हाय. हिचा मामेसासरा लागते तो."

"तू तं फारेस्टवाल्याच्या हातची काठी हिसकली होती ना?"

"काठी हिसकनं सोपं हाय, बाई. हे कसं बोलू?"

"मांगं नाल्यात ने मंग."

"नाल्यात ट्रकवाले गाड्या धुवून राह्यले. आंगावर कपडे नाई त्यायच्या."

ओढणीत रुक्माचा चेहरा दिसत नव्हता. हात दिसत होता, कोपरापर्यंत चुड्यांचा. त्या हाताची करंगळी ताठ उभी होती. कोणाला दाखवायला नव्हे. मिटायची राहून गेली होती.

शकुबाईने झारी खाली ठेवली.

तिकिटे येथे मिळतील

आतल्या दाराने ती मास्तरजवळ गेली.

"मास्तर, पोट्टी जड हाय. किल्ली द्या."

"प्रवाशाने स्वतः मागावी. सांगितलं होतं ना?"

"तिच्यानं नाई होत."

"मग माझ्यानं काय होणार? आणि पाणी सोडून का आलात? असं चालत असेल तर उद्यापासून दुसरी बाई ठेवतो. जा."

ती गेली. बाहेरून वळसा घालून रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. पुढे पागोटी, टोप्या, घामाचे सदरे. रांग सरकली. एका माणसाने मागे वळून तिला पाहिलं आणि तो जरा पुढे सरला. तेवढी जागा तिला आपोआप मिळाली.

"कुठलं?" मास्तरने मान वर न करता विचारलं.

"म्होरल्या फाट्याचं. एक."

आता त्याने पाहिलं. पण हात चालू होते, तिकीट फाडलं गेलं. तिने ते हातात धरलं.

"मी आता प्रवासी हाय का, मास्तर?"

"तिकीट आहे म्हणजे आहात."

"मंग संडासाची किल्ली द्या. मले जायचं हाय."

आवाज तिने चढवला नव्हता. गाडी लागली की खिडक्याखिडक्यांतून 'पानी, पानी' म्हणायचा तोच आवाज. मागे कोणीतरी हसायला लागला आणि एकटाच पडला. नायक वर कौलांकडे बघत राहिला.

मास्तरने खिळ्यावरची किल्ली काढली. फळीवर ठेवली.

स्त्रिया (पुन्हा)

रुक्मा गेली. मग धनीबाई. मग बाकावरच्या दोघी उठल्या, मग एक म्हातारी, मग आणखी कोणी. तांब्यावाली बाईही आली. दार उघडंच होतं, तिला धुवायला काही सापडलं नाही. तांबा तसाच घेऊन ती आत गेली. शकुबाई दाराशी उभी होती.

"तू जा वं आता," धनीबाई म्हणाली. "तुह्याच नावानं तं उघडलं."

यवतमाळच्या गाडीची घंटा झाली. "फाट्याचं कोन हाय? चला, चला!" कंडक्टर ओरडला. मास्तर खिडकीतून बघत होता. रांजणाजवळ कोणी नव्हतं; एक माणूस थेट ओंजळ बुडवून पाणी पीत होता.

तिकीट काढलं म्हणजे बसावं लागतं, असं तिला वाटलं. बसली नाही तर मास्तर म्हणेल, खोटं होतं. ती बसली.

(इथे पाटी नाही)

फाट्यावर एक कडुनिंब आणि एक मैलाचा दगड. ती उतरली. खिडकीतून रुक्माचा चुड्यांचा हात हलला आणि गाडी गेली.

तिने पदराने तोंड पुसलं. गालाला काहीतरी टोचलं. गाठ होती. गाठीत किल्ली होती. केव्हा बांधली ते तिला आठवेना. हातांनी सवयीने बांधली असेल.

म्हणजे कुलूप तिकडे कडीला नुसतं लटकत असेल. किल्ली परत पोचेपर्यंत दार उघडं असेल.

ती पळसाच्या झुडपाआड जाऊन आली, रोजच्यासारखी. परतीची गाडी आली. ओळखीचा ड्रायव्हर होता, उत्तमसिंग. त्याने न सांगता ब्रेक दाबला.

"शकुबाई? अठी काय करून राह्यली? चाल, बस. तिकीट नको काढू."

"नाई. पायी येइन."

"उनात?"

"हो."

"येडी झाली का? तठी पान्याले कोनी नसन."

"मास्तर ठेवन दुसरी."

त्याने गाडी पुढे काढली. धूळ खाली बसेपर्यंत ती दगडाजवळ उभी राहिली. पदराची गाठ तिने एकदा चाचपली, जरा आणखी आवळली, आणि स्टँडच्या दिशेने चालू लागली. हळू.