बांधापाशी लाजलेला रस्ता

जावयाने भांडावं, रुसावं, ताटावरून उठून जावं. म्हातारीने सगळं पोटात घातलं असतं. पण हा गृहस्थ उपकार करत सुटायचा. न विचारता, न सांगता, आणि वर तोंडभर हसून. नगररचनेच्या कचेरीत मोठा साहेब, पण सासूसमोर आला की शाबासकीसाठी ताटकळलेल्या पोरासारखा उभा.

शहर खालून डोंगर चढत वरच्या आळीपर्यंत आलं होतं. आळीत घरं मनाला येईल तशी चिकटलेली, आजारी माणूस खाली न्यायचा तर पाठीवर. म्हणून कचेरीने योजना आणली. प्रत्येकाने जमिनीची पट्टी सोडायची, त्यातून रुंद रस्ता काढायचा, आणि उरलेली जमीन सरळ आखून ज्याची त्याला परत द्यायची. कोणी बधेना. शेवटी म्हातारीनेच पदर खोचला आणि दारोदार फिरली. "माझ्या शब्दावर सही करा," म्हणाली. गवंड्याने गोठा पाडला, शिंप्याने अर्धं अंगण दिलं. कागदावर नाही, तिच्या तोंडाकडे बघून.

रस्त्याची खोदाई झाली आणि आज सकाळी पाण्याचा टँकर पहिल्यांदा वर चढला. आळी टाळ्या पिटत मागे. म्हातारीच्या दगडी बांधाखालचं वळण आलं आणि टँकर अडकला. पुढचं चाक गटारात, मागची बाजू शिंप्याच्या भिंतीला.

ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं. "मावशी, हे वळण काय हातगाडीसाठी काढलंय?"

"वळणाला नावं ठेवू नकोस बाबा," शिंपी म्हणाला. "जागा कुणाची वाचलीय, तेवढं बघ."

आळी फिसकन हसली. म्हातारीला ते हसू चटका बसावा तसं लागलं. तिने पहिल्यांदाच नीट पाहिलं. खालून सरळ आलेला रस्ता तिच्या सपाट तुकड्यापाशी पोट आत ओढून शिंप्याच्या अंगावर गेला होता.

मोजणीदाराला घेऊन जावई धावत आला.

"जावईबापू," म्हातारी म्हणाली, "रस्ता माझ्याच बांधापाशी येऊन लाजला कशाला?"

जावयाने आवाज उतरवला. "आई, सपाट जागा आहे ती. उद्या चार मजले उभे राहतील, मेहुण्यांचं भलं होईल. घरचा माणूस म्हणून मी एवढं तरी…"

"आणि आग लागली तर बंब कुठून वळणार? तुमच्या खिशातून?"

म्हातारीचा मुलगा पुढे सरकला. "आई, झालंय ते झालंय. आपलाच तुकडा आहे ना?"

तुकडा तिचाच होता. नवऱ्याबरोबर दगड वाहून तिने तो बांध रचला होता. अख्ख्या उतारावर ताठ उभं राहता येईल अशी तेवढीच जागा. रस्ता त्यातून गेला तर बदल्यात मिळणार मागचा उतार, बकरीही विचार करून चढेल असा. चार मजले क्षणभर तिच्याही डोळ्यांपुढून गेले, खोटं कशाला बोला? पण मग रोज याच आळीतून जायचं, आणि शिंप्याच्या दारावरून जाताना नजर कुठे ठेवायची?

"मोजणीदार," तिने हाक मारली, "टँकर एका दमात वळेल एवढी रेघ मारा. माझ्या जमिनीतून."

"आई!" मुलगा ओरडला.

"ओरडू नकोस, ऐकू येतं मला."

शिंपी खाली बघत पुढे आला. "मावशी, हातभर माझ्याकडचं घ्या अजून."

"तुझं घेऊन झालंय. आता मध्ये येऊ नकोस, तंगडीवरून रेघ जाईल."

मोजणीदाराने फीत धरली. चुन्याची पांढरी रेघ सपाट तुकडा कापत गेली. गवंड्याने पहार आणली, पण पहिला दगड म्हातारीनेच हाताने काढून बाजूला ठेवला.

"आई, मी तुमच्यासाठीच केलं होतं हो," जावई पुटपुटला.

म्हातारीने चुन्याचे हात झटकले आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "जावईबापू, तुमची माया कळली मला. पण तुमच्या मायेपायी मला खालमानेने चालावं लागलं असतं, आणि ती सवय मला नाही. तेव्हा ऐका. रस्ता पुरा होईपर्यंत तुम्ही या आळीत फक्त कचेरीचे साहेब. सासुरवाडी बंद!"