वरच्या कोपऱ्यातली माती

"ही माती कुठून भरली होती, काकासाहेब?" मी अहवाल पुढे धरला.

"रानातून. मंग काय बाजारातून?"

माती तपासणी केंद्रात मदतनीस म्हणून माझी एकोणतीस वर्षं गेली. माती आणताना माणसं मुलगी दाखवायची असल्यासारखी आणतात, चाळून, निवडून. काकासाहेबांनी आणलेल्या मातीत क्षार नव्हते, तरी सूर्यफुलाची रोपं सलग दोन वर्षं करपली होती. म्हणून मीच परतूरजवळच्या त्यांच्या रानात आलो होतो.

त्यांच्या बायकोनं, साळूबाईंनी, चहा दिला. "वरच्या कोपऱ्यातली भरली त्यांनी. खालच्या तुकड्याकडं तर यंदा रोपं करपल्यापासून जातच न्हाईत."

काकासाहेब चिडले. "पाव्हण्याला फाटकी सतरंजी दाखवत्यात का?"

मला हसू आलं, पण खालचा तुकडा पाहिला आणि ते विरलं. जमिनीवर पांढरा थर आला होता. शेजारच्या जुन्या विहिरीचं पाणी गोडं होतं, पण बोअरचं जिभेवर घेतलं तर खारट लागलं. रोपांनी माना टाकल्या की हा भला माणूस तहान समजून तेच पाणी आणखी सोडायचा.

"उगवणीला जुन्या विहिरीचं गोडं पाणी द्या," मी म्हणालो. "बी वरंब्याच्या माथ्यावर न्हाई, बगलेला टोका. मीठ माथ्यावर चढतं. खालच्या अंगाला चर खोदा, म्हंजे खारं पाणी निघून जाईल. पण आधी इथली माती तपासू."

"बराबर व्हायला किती दिवस?"

"तीन-चार वर्षं तरी."

काकासाहेबांना एकाहत्तरावं चालू होतं. त्यांनी वाकून पांढऱ्या थरावर बोट फिरवलं.

"बापानं काळीभोर जमीन दिल्ती, सोमेश्वरराव. मी माझ्या हातानं पांढरी केली."

मला फार वाईट वाटलं. "मुद्दाम न्हाई केली तुम्ही," एवढंच मी म्हणालो.

त्यांनी वहाणा बांधावर काढल्या, साळूबाईंकडून खुरपं घेतलं आणि पांढऱ्या तुकड्यात उतरले. वरवरचं न खरवडता चांगलं वीतभर खणत त्यांनी पाच-सहा ठिकाणची माती पिशवीत भरली. चिठ्ठीवर मी नुसता गट नंबर लिहायला लागलो.

"नाव लिव्हा," ते म्हणाले. "पूर्ण लिव्हा. बापाच्या नावासकट."

माझं लिहून होईपर्यंत ते त्या पांढऱ्या मातीत अनवाणी उभे राहिले.