रंग वाळायला दोन दिवस

टॉवेलात गुंडाळलेली हॉकीस्टिक तिने कामाच्या टेबलावर ठेवली आणि टॉवेल उलगडायचं काम काकांवर सोडून ती दोन पावलं मागे सरकली. आपल्याच्याने ते बघवणार नाही, असा तिचा चेहरा होता.

काकांनी टॉवेल बाजूला केला. स्टिकच्या वाकड्या डोक्यापासून चार बोटं वर आडवी चीर गेली होती. त्यांनी दोन्ही टोकं धरून स्टिक जराशी वाकवली. चीर उघडली आणि मिटली.

"कधी?"

"आज सकाळी. सरावातला शेवटचा फटका." तिने खांद्यावरची बॅग काढून खिडकीच्या टेकूला अडकवली. गेली चार वर्षं ती बॅग तिथेच अडकवत आली होती. खिडकीचं झापड वर उचलून धरायला काकांनी कुठलीशी मेलेली स्टिक लावली होती, खिडकीच्याच हिरव्या ऑइलपेंटने रंगवलेली, आणि तिचं वाकडं टोक बॅगेसाठीच केल्यासारखं सोयीचं होतं. "काका, उद्या दुपारी फायनल आहे. चिकटवा, बांधा, पट्टी मारा, काहीही करा. एक सामना निघाला तरी पुरे."

"लाकडाची असती तर बांधली असती. कार्बनला औषध नाही. चिकटवून देईन, दिसेलही छान. पण पहिल्याच फटक्याला मूठ तुझ्या हातात राहील आणि डोकं गोलात जाईल."

"तेवढं तरी जाईल," कोपऱ्यात स्टुलावर बसून एका स्टिकला ग्रिप गुंडाळत असलेल्या काकू म्हणाल्या.

एरवी या वाक्याला ती पोट धरून हसली असती. आज हसली नाही, तेव्हा काकूंनी ग्रिपची गुंडाळी मांडीवर ठेवून दिली.

संघात तिला सगळे तोफ म्हणत. पेनल्टी कॉर्नर मिळाला की चेंडू तिच्याकडे यायचा, ती तो स्टिकवर घेऊन ओढत न्यायची आणि फेकायची. गोलकीपरला तो बहुतेक वेळा जाळ्यातून काढतानाच नीट दिसायचा. तोफेचं स्वतःचं मत असं, की यात आपलं फारसं काही नाही. जे काही आहे ते या स्टिकचं आहे. पहिला गोल हिने केला, पहिला चषक हिने आणला. उजव्या हाताच्या तर्जनीसाठी मुठीजवळ कानशीने पाडलेली खाच हिच्यावर आहे, आणि डोक्यावर पहिल्या चषकाच्या सामन्यात उडालेला टवकाही. दुसरी कुठलीही स्टिक हातात घेतली की तिला आपण परक्या घरात चमचा शोधतोय असं वाटायचं.

अडचण कंपनीची होती. कंपनी तिला स्टिक फुकट द्यायची आणि वर्षातून दोनदा नवी काढायची. 'वीज' झाली, 'वादळ' झालं, 'वादळ प्लस' झालं, सध्या 'महावादळ' चालू होतं. प्रत्येकीचा रंग वेगळा, आणि प्रत्येक जाहिरातीत आधीची स्टिक म्हणजे किती चूक होती ते सांगितलेलं. "आता पुढे काय काढणार, भूकंप?" असं काकू दर वेळी विचारायच्या. करारात अट होती, की तिच्या हातात चालू मोसमाचीच स्टिक दिसली पाहिजे. तिने त्यातून वाट काढली. दर सहा महिन्यांनी ती जुनी स्टिक आणि नवी स्टिक अशा दोन्ही घेऊन काकांकडे यायची. नवी फक्त नमुन्याला. काका म्हणायचे, "दोन दिवस. रंग वाळायला वेळ लागतो." दोन दिवसांनी तिची जुनी स्टिक नव्या मोसमाच्या रंगात तयार असायची. नमुन्याची स्टिक ती तिथेच सोडायची. शाळेच्या संघातल्या मुलींना द्या म्हणायची.

"कंपनी तुला दर वेळी दोन पाठवते ना? दुसरी कुठे आहे?" काकांनी विचारलं.

तिने बॅगेतून प्लास्टिकमध्ये अर्धवट गुंडाळलेली नारिंगी स्टिक ओढून काढली आणि टेबलावर टाकली.

"कोचने हातात कोंबली. सकाळी हिने दहा मारून बघितले. सात बाहेर गेले. एक तर कोचच्या मोटारीवर." ती खुर्चीत बसली. "मी कॅप्टनला सांगणार आहे, उद्याचे कॉर्नर दुसऱ्या कुणाला तरी द्या म्हणून. माझ्यामुळे फायनल जायला नको. मला हिच्याने होत नाही, काका. हात माझे राहत नाहीत."

चष्मा शोधतो म्हणून काका आतल्या खोलीत गेले. चष्मा त्यांच्या खिशातच होता, हे काकूंना दिसत होतं.

तोफेने मोडकी स्टिक मांडीवर घेतली आणि चिरेवरून नख फिरवलं. नारिंगी रंगाचा एक टवका निघून तिच्या बोटाला चिकटला. तिने तो फुंकला आणि खाली पाहिलं. नारिंगीच्या खाली काळं होतं. नुसता काळा कार्बन.

तिने स्टिक खिडकीच्या उजेडात धरली. नारिंगीच्या खाली मागच्या मोसमाचा पांढरा असायला हवा होता, त्याखाली जांभळा, त्याखाली तो भडक पिवळा, ज्याला काकू हळदीचा रंग म्हणायच्या. आपली स्टिक आडवी कापली तर खोडासारखी वर्षं मोजता येतील, असं ती मैत्रिणींना सांगत असे. टेबलावरचा पॉलिशपेपरचा तुकडा घेऊन तिने चिरेची कड घासली. मग डोक्याजवळ घासलं, मग मुठीजवळ. सगळीकडे एकच नारिंगी, आणि खाली काळं.

"अहो," काकूंनी आत हाक मारली. "चष्मा सापडला असेल तर बाहेर या."

काका दारात आले. तिच्या हातातला पॉलिशपेपर त्यांनी पाहिला आणि तिथल्या तिथे, दाराजवळच्या खोक्यावर बसले.

"काका, इथे बारा रंग असायला हवेत."

"हो."

"एकच आहे."

"तोही कारखान्याचा आहे," काका म्हणाले. त्यांनी खिशातून चष्मा काढला, पुसला आणि परत खिशात ठेवला. "पहिल्या दोन वेळा मी खरंच रंगवली. तिसऱ्या वेळी आणलीस तेव्हा तुझी स्टिक मेलेली होती. तडा नव्हता, बाहेरून धडधाकट. पण कार्बन मार खाऊन खाऊन मऊ पडतो. बोटाने वाजवली की ठक्क वाजायला हवी, ती ठप्प वाजत होती. तुझ्यासारखी मारणारी असली की एक काठी वर्षभर जगली तरी नशीब."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगणार होतो. तू इथेच टेबलाला टेकून उभी होतीस. म्हणालीस, काका, हिच्याशिवाय मी कोण? समोर दुसऱ्याच दिवशी सामना. म्हटलं, एवढा मोसम जाऊ दे, मग सांगू. आणि त्या मोसमात तू एकवीस गोल मारलेस. मग कुठल्या तोंडाने सांगणार?"

मग एकेक गोष्ट तिच्या डोक्यात शिरू लागली.

"म्हणजे मी दर सहा महिन्यांनी..."

"नवीकोरी खेळत होतीस. त्या कंपनीचा माल तुझ्याइतक्या इमानाने कुणी वापरला नसेल."

"आणि शाळेतल्या मुलींच्या स्टिकवर खाच दिसायची मला. मला वाटायचं, माझं बघून पाडतात!"

"तुझ्या उतरलेल्या असायच्या. मुलींना त्या पुष्कळ झाल्या."

"आणि ती अक्षरं?" तिचा आवाज चढला. "तिसऱ्या वेळी मी म्हटलं होतं, काका, आता तुमचा हात बसला, नाव अगदी हुबेहूब आलंय!"

"ते छापील होतं," काका जरा घुश्शातच म्हणाले. "आधीच्या दोन्ही वेळी मी हाताने काढलेलं जास्त चांगलं होतं."

"ते यांना अजून लागलंय," काकू म्हणाल्या.

"एका वर्षी मला स्टिक आठवडाभर परकी वाटत होती. तुम्ही म्हणालात, बूट चावत असतील!"

"त्या वर्षी त्यांनी साचा बदलला होता. एवढ्या वर्षांत तेवढा एकदाच. बाकी सगळा रंग आणि नाव. तू बूट बदललेस ना मग?"

"बदलले."

"आणि?"

बूट बदलल्यावर सगळं सुरळीत झालं होतं.

"मग ते दोन दिवस काय करत होतात?" तिने शेवटी विचारलं.

"दोन दिवस पुरायचे नाहीत," काकूंनीच उत्तर दिलं. "खाच पाडायची, मुठीत शिसं भरायचं, बोटावर तोलून बघायचं, परत काढायचं, परत भरायचं. माझा स्वयंपाकघरातला काटा दोन दिवस इथे असायचा. मग डोक्यावर तुझा तो टवका, हातोडीने, अगदी बेताने. शेवटी वास यावा म्हणून रोगणाचा एक हात. मी दर वेळी यांना म्हणायचे, सांगून टाका, पोरीला कळू दे की हात तिचेच आहेत. तर म्हणायचे, तिचा खेळ बिघडेल."

तोफ उठून उभी राहिली. तिला रागवायचं होतं, आणि रागवायला जागाही होती. पण राग काही केल्या येईना. आपण मैदानावर टाळ्या घेत असताना इथे या खोलीत कुणीतरी बोटावर स्टिक तोलत बसलं होतं, चिमूटभर शिशासाठी स्वयंपाकघरातला काटा आणत होतं, आणि त्याची बढाई मारायची सोय स्वतःच्या हाताने बंद करून बसलं होतं. एवढं आपल्यासाठी कुणी केलं असेल असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

"माझी कुठे आहे?" तिने विचारलं. "पहिली?"

काका आणि काकू दोघांनीही एकदमच खिडकीकडे पाहिलं.

तिने टेकूवरची बॅग काढली. हिरव्या रंगावरून हळूहळू तर्जनी खाली आणली. रंगाचे थर चढून खाच बुजत आली होती, पण बोट बरोबर तिथे जाऊन थांबलं. ती तशीच उभी राहिली. मग बॅग परत त्याच टोकाला अडकवून ती टेबलाकडे आली आणि नारिंगी स्टिकवरचं उरलेलं प्लास्टिक तिने स्वतः फाडून काढलं.

"उद्या दुपारपर्यंत होईल?"

"तुझं माप आता पाठ झालंय. तीन-चार तास." काकांनी नवी स्टिक बोटावर आडवी धरली. ती पुढच्या बाजूला कलली. "बघितलंस? तोल पुढे आहे, म्हणून सात बाहेर गेले. एवढं शिसं भरलं की झालं. आता तुला ठाऊकच आहे, तर खाच आणि टवका नको असेल तर..."

"खाच पाडा," ती म्हणाली. "टवकाही."

"तो कशाला?"

"माझी स्टिक मला ओळखू यायला नको?"

काकांनी खणातून छोटी हातोडी काढली. डोकं टेबलाच्या कडेवर टेकवलं, हातोडी उचलली आणि तिच्याकडे पाहून खाली केली.

"एवढ्या वर्षांत कुणासमोर मारला नाही," ते म्हणाले. "तिकडे तोंड कर."

तिने खिडकीकडे तोंड केलं. पाठीमागे एकदा टक् झालं.

दुसऱ्या दिवशी तिने कॉर्नर कुणालाही दिले नाहीत. चार मिळाले, चारही तिने मारले. दोन आत गेले, आणि संघ जिंकला तो तीन-दोनने.

तीन महिन्यांनी कंपनीने नवी स्टिक काढली. रंग हिरवा, आणि नाव खरोखरच 'भूकंप'. काकूंना ते कळल्यावर त्या दोन दिवस घरात एकट्याच हसत होत्या.

मोसम सुरू व्हायच्या आधी तोफ आली. बॅग टेकूला अडकवली आणि दोन स्टिका टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या, एक नारिंगी आणि एक हिरवी.

"काका, जुनीला नवा रंग द्यायचाय. ही नमुन्याला."

काकूंनी मान खाली घालून ग्रिप गुंडाळायला घेतली. काकांनी चष्मा लावला. नारिंगी स्टिक बोटाने वाजवून पाहिली, हिरवी वाजवून पाहिली, आणि डॉक्टरासारखा चेहरा केला.

"दोन दिवस," ते म्हणाले. "रंग वाळायला वेळ लागतो."

"लागू दे. फक्त या वेळी नाव तुमच्या हाताने काढा. छापलेलं खरवडून टाका. मला तुमचं अक्षर हवंय."

काका तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी खालचा खण ओढला, मागे हात घालून बरंच चाचपलं आणि एक बारीक ब्रश बाहेर काढला. त्याचे केस इतक्या वर्षांत काडीसारखे ताठ झाले होते. त्यांनी तो अंगठ्यावर दाबून पाहिला, काकूंच्या हातात दिला आणि थोडं तेल आणायला सांगितलं.

"मग चार दिवस लागतील," ते म्हणाले.