सहादूच्या सटरफटर गाण्यांची कॅसेट

“दाब रे लखन बटण, शिंक आली!”

मित्रांनो, माझ्यावर उमटलेला हा पहिला आवाज. मी कॅसेट. वय झालं, पण एका जागी बसायची सवय मला काही लागली नाही. फिरले तरच मी जिवंत.

तो आवाज सहादूआप्पांचा. अंबडच्या कारखान्यात ते लेथ मशीन चालवायचे. सुटीच्या दिवशी त्यांचा मित्र लखन आवाज घुमू नये म्हणून खोलीच्या भिंतींना गोधड्या टांगायचा आणि आप्पा सुरू व्हायचे. कुकरच्या शिट्टीवर लावणी, डासांचं भांडण, तालात शिंका! आणि माझी लाडकी कोंबडी:

अंडं घातलं गं बाई, कुठं घातलं आठवंना
साऱ्या आळीत बोंबललं, तरी अंडं सापडंना!

इथे लखन फिसकन हसला. ते हसूही माझ्यावर तसंच राहिलं. माझ्यासारख्या चाळीस कॅसेट निघाल्या. आप्पांच्या गावी, नामपूरच्या बाजारात, बाया तोंडाला पदर लावून हसल्या. “लय गुणाचा हाय बाबा!” म्हणाल्या. कारखान्यात मात्र “शिंक्या आला रे” म्हणून चिडवायचे. आप्पा त्यांनाही एक शिंक ऐकवून पुढे जायचे.

मग एकाएकी आप्पांनी गाणं सोडलं. “घसा गेला,” एवढंच म्हणाले. टेपरेकॉर्डरचं झाकण अडकलं आणि मी आतच राहिले. तीस-पस्तीस वर्षं! वर विणलेला रुमाल, रुमालावर फुलदाणी. बाहेर टीव्ही वाजायचा, मोबाइल वाजायचे, अन् माझी फीत आतल्या आत तळमळायची. बाकीच्या कॅसेट कधीच हरवल्या होत्या. मी गेले की आप्पांचा आवाज गेला, हे कुणाला ओरडून सांगू?

यंदा त्यांच्या लेकीनं, राखीताईनं, टेपरेकॉर्डर आमच्याच शहरातल्या द्वारका चौकात महेशच्या दुरुस्तीच्या दुकानात नेला.

“काही भाग कामी आले तर घ्या, बाकी मोडीत काढा,” ती म्हणाली. माझा जीव खालीवर झाला.

महेशनं झाकण उचकटलं. पेन्सिल घालून माझी सैल फीत आवळली, मला दुसऱ्या टेपमध्ये बसवलं. आणि मी फिरले!

राखीताई गोरीमोरी झाली. “बंद करा हो. आमचे आप्पा काहीतरीच गायचे.”

“काहीतरीच? अहो ताई, नीट ऐका. एक शिंक समेला चुकत नाही! असा माणूस भेटणार असेल, तर मी दुकान बंद करून येईन.”

“घरीच असतात,” राखीताई हळूच म्हणाली.

महेशनं आपला टेपच तिच्या हाती दिला. घरी तिनं मला आप्पांसमोर लावलं.

“कोण येडं गातंय हे?” आप्पा म्हणाले. मग त्यांची बोटं गुडघ्यावर ताल धरू लागली. कोंबडी आली तशी राखीताई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.

मित्रांनो, कुणाचं वेडंवाकडं गाणं तुमच्या घरात पडून असेल, तर तो माणूस आहे तोवर त्याच्याजवळ बसून ऐका. आम्ही कॅसेट वाट बघतो. माणसांना तेवढा वेळ नसतो.

हसू ओसरल्यावर राखीताईनं विचारलं, “आप्पा, घसा खरंच गेला होता का हो?”

आप्पांनी मला थांबवलं.

“घसा ठणठणीत होता गं. तुझ्या शाळेच्या गॅदरिंगला कोंबडी म्हटली ना मी, सारी शाळा हसली. तू तेवढी मान खाली घालून रडत होतीस. मला दिसलं. म्हटलं, लेकीला रडवणारं गाणं आपल्याला नको.”