गाणं ऐकणारी गाय

वसुबारसेच्या संध्याकाळी ओवाळणी चालू असताना बनुबाईंनी स्पीकर लावला, आणि थोड्याच वेळात गाईच्या चारही सडांतून, कोणी हात लावलेला नसताना, दूध गळू लागले.

त्यांचे पती सहादेव सर तेव्हा गोठ्यात नव्हते. स्पीकर लागला की ते उठून विहिरीकडे जात. गेली सहा वर्षे दिवाळीतला हा नेम मोडलेला नव्हता. शेजारच्या लंकाबाईंच्या हाकेने ते परतले.

“सर! अहो सर! पळा, जर्शीनं पान्हा सोडला! माझ्या कालवडीला बघून सोडला वो!”

गाईपुढे लंकाबाईंची कालवड बांधलेली होती. वसुबारसेला गाय-वासराची जोडी लागते आणि या गाईबरोबर वासरू आले नव्हते, म्हणून ती मागून आणलेली. दिव्याच्या उजेडात खालची फरशी पांढरी झाली होती. सरांनी खाली वाकून बोट लावून पाहिले. दूधच होते.

ते बराच वेळ तसेच वाकून राहिले. घोडेगावच्या बाजारातून आणल्यापासून या गाईने रोज पान्हा चोरला होता. कास ताठ, गाय निरोगी, आणि बादलीत तळ झाकेल एवढे दूध. गूळ, सरकी पेंड, कोमट पाण्याचा शेक, सगळे करून झाले होते. व्यापारी छगन फोनवर म्हणाला होता, “सर, पान्ह्याची एक सुई टोचा, मोकळं व्हा.” सरांनी सुई टोचली नव्हती.

“देवाची गाय हाय ही,” लंकाबाई गाईच्या कपाळाला आणखी एकदा कुंकू लावत म्हणाल्या. “आज बारसेचा दिवस. तिला कळला.”

“गाईला पंचांग कळत नाही, लंकाबाई.”

“मंग तुमच्या सायन्सला इचारा, का सोडला ते. उद्या मी बायका घेऊन येते. खण-नारळ घेऊन.”

“कोणालाही आणू नका,” सर म्हणाले. “कारण सापडेपर्यंत थांबा.”

लंकाबाईंनी बनुबाईंकडे पाहिले. बनुबाईंनी स्पीकर बंद केला आणि पदराने पुसून कोनाड्यात ठेवला.

त्या स्पीकरमधल्या पेन ड्राईव्हवर एकच गोष्ट होती. त्यांची मुलगी रुपाली सहा वर्षांची असतानाची दिवाळी. त्या वर्षी घरात नवा टेपरेकॉर्डर आला होता आणि नरक चतुर्दशीच्या पहाटे तो सुरू करून ओट्यावर ठेवून दिला होता. आधी रेडिओवरची सनई, मग निवेदकाच्या शुभेच्छा, सुगंधी उटण्याची जाहिरात, मध्ये लवंगी फटाक्यांची माळ. आणि पुढे घरातली माणसे. दरवर्षी दिवाळीत ती लागे, कॅसेट असतानाही आणि नंतरही. सहा वर्षांपूर्वी रुपालीने पाथर्डीकडच्या एका ऊसतोड घरातल्या मुलाशी नगरला नोंदणी पद्धतीने लग्न केले, तेव्हापासून सर ती ऐकत नसत. वर्गात जन्मभर ‘पुरावा काय?’ असे विचारणाऱ्या माणसाने त्या दिवशी एकही प्रश्न विचारला नव्हता. फक्त, हे नाव या घरात पुन्हा नको, एवढेच सांगितले होते. नाव त्यानंतर निघाले नाही. टेप मात्र बनुबाईंनी दर दिवाळीत लावली, आणि सर दर दिवाळीत विहिरीकडे गेले.

आता ऐकणे भाग होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आधी कालवड परत पाठवली. दिवा नाही, ओवाळणी नाही, नुसता स्पीकर. दूध गळले. म्हणजे कालवडीचा संबंध नव्हता. संध्याकाळी लंकाबाईंच्या मोबाईलवरून बाजारातली दिवाळीची गाणी लावली, एकामागून एक. गाय रवंथ करीत राहिली. म्हणजे दिवाळीचाही संबंध नव्हता, आणि गाण्याचाही. लंकाबाई दारात हाताची घडी घालून उभ्या होत्या.

“तिला हलकी गानी आवडत न्हाईत,” त्या म्हणाल्या. “सरांची गाय ती.”

नरक चतुर्दशीला अभ्यंगस्नान उरकून सर पुन्हा गोठ्यात जाऊन बसले आणि त्यांनी टेप पहिल्यापासून लावली. या वेळी ते स्पीकरकडे नव्हे, गाईकडे पाहत होते.

सनई सुरू झाली तशी गाईने मागचे पाय किंचित फाकवले. कोणी कास धुवायला बसले की गाय उभी राहते, तशी. जाहिरात लागली तेव्हा तिने मान खाली घालून रिकाम्या गव्हाणीत तोंड फिरवले. फटाके वाजले, कान हलला, बाकी काही नाही. बनुबाईंचा तरुण आवाज कोणाला तरी तेल लावताना काही गुणगुणत होता. गाय स्तब्ध. मग एक पुरुष गाऊ लागला, मोठ्याने, बेसूर, मनापासून:

“पणती ठेवा गोठ्यात,
चांदणं आलं ओट्यात…”

“आप्पा, चाल चुकली!” लहान मुलीचा आवाज.

“चाल गेली चुलीत. तू फुलबाजी धर.”

आणि दोघांचे हसणे. त्या हसण्यावर पहिला थेंब पडला, मग दुसरा, मग चारही सडांच्या धारा लागल्या.

सरांनी टेप थांबवली. स्वतःचा आवाज त्यांनी ओळखला होता, पण तो माणूस ओळखायला त्यांना वेळ लागला. त्यांनी तेवढाच भाग पुन्हा लावला. पुन्हा तेच झाले.

एक शक्यता तपासायची राहिली होती. सरांनी दाराकडे पाहिले, कोणी नाही अशी खात्री केली, आणि गव्हाणीजवळ उभे राहून ते स्वतः गायले. आवाज फाटला. चाल तिथेच चुकली जिथे टेपमध्ये चुकली होती. गाईने मान वळवून त्यांच्याकडे पाहिले. दूध आले नाही.

मागे काहीतरी पडल्याचा आवाज झाला. बनुबाई दारात उभ्या होत्या, बेसनाने भरलेले हात तसेच पुढे धरलेले, झारा पायाशी.

“तुमी गात हुता?”

“तपासत होतो,” सर म्हणाले. “माणसाला ती ओळखत नाही. टेपला ओळखते.”

“आपल्या टेपला? ती कशी वळखील? गाय तर बाजारातली हाय.”

सर स्टुलावर बसले. पान्हा ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे. तिला एखाद्या आवाजाची सवय लागू शकते, पण एकदा ऐकून किंवा सणापुरते ऐकून लागत नाही. त्यासाठी तोच आवाज, त्याच कामाच्या वेळी, रोज यावा लागतो. हे त्यांनी कितीतरी वर्गांना शिकवले होते. सनईला कास धुतली जायची. जाहिरातीला पेंड पडायची. आणि आप्पा गायला लागले की कोणीतरी बादली गुडघ्यांत धरून धार काढायला बसायचे.

“बने,” ते म्हणाले. लग्नानंतरची पहिली काही वर्षे ते अशी हाक मारीत. “कॅसेट झिजली तेव्हा ती पेन ड्राईव्हवर कोणी उतरवून आणली?”

बनुबाईंचे हात हळूहळू खाली आले. बेसन लुगड्याला लागले.

“तिनंच,” त्या म्हणाल्या. “लगीन व्हायच्या आधी, नगरला दुकानात जाऊन. एक आपल्याला, आन् एक तिच्या मोबाईलमधी.”

“आणखी कोणाला?”

“आनखी कोनाला कशाला? आपल्या घरचं हसनं ते.”

सरांनी फोन लावला. पलीकडे बाजाराचा गलका नव्हता. छगन फराळाला बसलेला असावा.

“छगन, ही गाय तू कोणाकडून घेतली?”

“का वो सर? लाथ मारली का?”

“कोणाकडून घेतली?”

“घोडेगावात घेतली, सर. बाई हुती एक, पाथर्डीकडची. नवऱ्याचा ट्रॅक्टर कारखान्याला लागलाय, सगळं बिऱ्हाड निघालं तिकडं सीझनभर. गाय कुठं न्यायची? वासरू ठेवलं सासूजवळ, गाय इकली.” त्याने आवाज खाली आणला. “खरं सांगू का? ती बाई मला म्हनली, हिला मोबाईलवरचं रेकॉर्डिंग लावल्याबिगर ही पान्हा सोडत न्हाई, घेनाराला तेवढं सांगा. वर म्हनली, तुमच्या मोबाईलमधी टाकून देते.”

“मग?”

“मग काय? मी म्हनलं, बाई, हे कोनाला सांगू नको, गाय खपायची न्हाई.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तुमाला?” छगन हसला. “तुमी सायन्सचे मास्तर, सर. तुमी गानं ऐकनारी गाय घेतली असती का?”

सरांनी भिंतीला हात टेकला. गोठ्यातल्या दुधाचा ओघळ त्यांच्या चपलेपर्यंत आला होता; त्यांनी पाय मागे घेतला नाही.

“कारखाना कोणता?”

छगनने नाव सांगितले. कारखाना याच तालुक्यातला होता. वारा तिकडचा असला की त्याच्या मळीचा वास या अंगणात येई.

फोन ठेवल्यावर त्यांनी सगळे बनुबाईंना सांगितले, जसेच्या तसे, काही न गाळता. बनुबाई गव्हाणीच्या कठड्यावर बसल्या.

“मंजी ती रोज लावती?”

“रोज. दोन्ही वेळा.”

“दिवाळी नसताना?”

“दिवाळी नसताना.”

बनुबाईंनी गाईच्या पाठीवर हात ठेवला. बेसनाची पाच बोटे तिथे उमटली. त्या म्हणाल्या, “सहा दिवाळ्या झाल्या. लंकाबाईच्या लेकींना सासरहून आणायला मुराळी जात्यात, मी बघत्ये. आपल्याला धाडायला घरात पोरगा न्हाई.”

“मुराळ्याचं वय कुठे ठरलेलं असतं?” सर म्हणाले. आवाज नेहमीसारखा कोरडा होता, पण वाक्य संपल्यावर ते एकदम वळले आणि पेंडीचे पोते नीट लावू लागले. ते आधीच नीट लावलेले होते.

पाडव्याच्या सकाळी ते इस्त्रीचा सदरा घालून अंगणात मोटारसायकल पुसत होते. हँडलला फराळाच्या डब्याची पिशवी अडकवलेली होती. सदऱ्याच्या खिशात पेन ड्राईव्ह होता. कशासाठी घेतला, हे त्यांनी बनुबाईंना सांगितले नव्हते आणि बनुबाईंनी विचारले नव्हते. लंकाबाई ताटात खण-नारळ घेऊन फाटकातून आत आल्या. मागे आणखी दोघी होत्या.

“काय सर, सापडलं का कारन? का तुमच्या सायन्सला दिवाळीची सुट्टी हाय?”

“सापडलं.”

“सांगा की मंग.”

सरांनी फडके घडी घालून सीटखाली ठेवले.

“रुपाली,” ते म्हणाले.

लंकाबाईंच्या हातातले ताट वाजले. नारळ घरंगळून कडेला आला. बनुबाई दारात होत्या, त्यांनी चौकट धरली.

“रुपालीची गाय आहे ती,” सर म्हणाले. “रुपाली रोज सकाळ-संध्याकाळ धार काढताना ही टेप लावायची. गाईला त्याची सवय झाली. दुसरं काही कारण नाही.”